पिकअपला मागचा डॅशकॅम बसवताय? वायर कुठून न्यायची ते आधी समजून घ्या

माळशेज घाटातली गोष्ट आहे. मामाचं पिकअप वाशी मार्केटला टोमॅटो टाकून परत नारायणगावकडं चाललं होतं. हौद्यात रिकामे कॅरेट, संध्याकाळची वेळ, आणि घाटात पुढं कुठंतरी ट्रक अडकलेला म्हणून रांग लागलेली. रांग थोडी सरकली, थांबली आणि मागून धाडकन आवाज आला. मामा उतरून बघतो तर मागच्या कारचं बोनेट फाळक्याखाली. कारवाल्याचं म्हणणं एकच, "तुमची गाडी मागं आली." मामाचं म्हणणं, "मी ब्रेकवर पाय ठेवून होतो, तुम्हीच येऊन ठोकलं."

गाडीत डॅशकॅम होता, पण समोर बघणारा. त्यात पुढच्या ट्रकची पाठ दिसत होती आणि एक हिसका बसलेला. तो हिसका गाडी मागं घसरली म्हणून की मागून धडक बसली म्हणून, यावर दोघांनाही भांडता येत होतं. मागं हॉर्न वाजायला लागले. मामानं पाच हजार दिले आणि विषय मिटवला. घरी आल्यावर म्हणाला, "पुढच्या कॅमेऱ्यात काय दिसणार? पाठ फुटली माझी."

आता यात पैशाचा विषय नीट समजून घ्या. बरीच जुनी पिकअप फक्त थर्ड पार्टी विम्यावर चालतात, कारण कायद्यानं तेवढाच सक्तीचा आहे. त्या विम्यात आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळत नाही. मागून कोणी ठोकलं तर भरपाई ठोकणाऱ्याकडून किंवा त्याच्या विमा कंपनीकडून मागावी लागते, गरज पडली तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, समोरच्याचा गाडी नंबर आणि चूक त्याची होती याचा पुरावा. ठोकून पळून गेला तर पहिलीच गोष्ट हातातून जाते.

म्हणून मामानं मागचा कॅमेरा बसवला. एका दुकानात दोन तासांत काम झालं, स्क्रीनवर चित्र दिसायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात चित्र गेलं. कॅमेरा खराब म्हणून बदलून घेतला, पुन्हा तेच. मग गाडीखाली बॅटरी मारून बघितलं तेव्हा कळलं की कॅमेरा धडधाकट होता. वायर तुटली होती, आणि तुटली होती बरोबर केबिन आणि हौद्याच्या मधल्या फटीत.

ही फट म्हणजेच पिकअपच्या वायरिंगमधला सगळा खेळ आहे.

पिकअप म्हणजे कार नव्हे

कारमध्ये मागचा कॅमेरा बसवणं सोपं असतं. पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत सगळा एकच डबा, वायर छताच्या कापडाच्या आत सरकवत न्यायची, काम झालं. वायरला ना पाणी लागतं ना चिखल.

बोलेरो पिकअप, टाटा योद्धा किंवा इसुझू डी-मॅक्स घ्या. खाली लांब चॅसिस असते. तिच्यावर पुढं केबिन रबरी माउंटिंगवर बसवलेली असते आणि मागं हौदा वेगळा बोल्ट केलेला असतो. दोन्ही एकमेकांना चिकटलेले नसतात. खड्ड्यात एक चाक गेलं की चॅसिस थोडी पिळवटते, केबिन एकीकडं झुकते, हौदा दुसरीकडं. गाडी भरलेली असताना फरक वेगळा, रिकामी असताना वेगळा. कधी शेतातल्या रस्त्यावरनं चाललेल्या पिकअपच्या बाजूनं दुचाकी चालवा, फट कमी-जास्त होताना डोळ्यांनी दिसते.

अशा फटीतून वायर ताणून नेली आणि दोन्ही बाजूंना केबल टायनं घट्ट बांधली, तर प्रत्येक खड्डा त्या वायरला एक हिसका देतो. आतली तांब्याची तार केसासारखी बारीक असते. बाहेरून वायर अखंड दिसते आणि आत तार तुटलेली असते. म्हणूनच चित्र कधी येतं, कधी जातं, आणि आपण कॅमेऱ्याला शिव्या देतो.

कॅमेरा लावायचा कुठं?

वायरचा रस्ता कॅमेऱ्याच्या जागेवरून ठरतो, त्यामुळं आधी जागा.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे केबिनच्या मागच्या काचेला आतून. वायर बाहेर काढावीच लागत नाही. ज्यांचं पिकअप बहुतेक वेळा रिकामं असतं त्यांनी खुशाल हेच करावं. पण कॅरेट रचले, वर ताडपत्री ओढली की त्या कॅमेऱ्याला फक्त कॅरेट दिसतात. मालावर लक्ष ठेवायला ठीक, मागच्या गाडीचा नंबर विसरा.

दुसरी जागा फाळका, म्हणजे मागचं उघडणारं दार. मामाच्या गाडीला दुकानदारानं तिथंच लावला होता. दिसायला बरोबर मध्यभागी येतो, पण फाळका दिवसातून दहा वेळा उघडतो. प्रत्येक वेळी बिजागरीपाशी वायर दुमडते. आणि फाळका खाली सोडला की कॅमेरा जमिनीकडं बघतो.

माझ्या मते भरलेल्या पिकअपसाठी बरी जागा म्हणजे फाळक्याच्या बाजूचा हौद्याचा न हलणारा कोपऱ्याचा खांब, कमरेच्या ते छातीच्या उंचीवर. फार खाली बंपरजवळ लावला तर पावसाळ्यात लेन्सवर चिखलाचा थर बसतो. फार वर लावला तर नंबरप्लेटऐवजी छपरं दिसतात. दुहेरी टेपवर विश्वास ठेवू नका. छोटी पत्र्याची पट्टी, बोल्ट आणि सैल न होणारा नायलॉक नट वापरा. खांबाला भोक पाडलं तर कडेला रंग लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. चॅसिसला मात्र भोक पाडायचं नाही, भार तीच पेलते. वर एक छोटी पत्र्याची टोपी केली तर हमालांनी कॅरेट ओढताना कॅमेरा वाचतो. नंबरप्लेट, तिच्यावरचा दिवा आणि मागचे रिफ्लेक्टर झाकले जाणार नाहीत एवढं बघा.

"मग वायरलेस घेतो की," असं मामाही म्हणाला होता. वायरलेसमध्ये चित्र हवेतून जातं, वीज नाही. कॅमेऱ्याला मागं वीज द्यावीच लागते, म्हणजे वायर आलीच. ती वीज मागच्या दिव्यातून घेतली तर दिवा लागेल तेव्हाच कॅमेरा चालणार.

आधी सुतळी, मग वायर

डॅशकॅमच्या डब्यात येणारी मागची केबल कारच्या हिशेबानं दिलेली असते, बऱ्याचदा सहा मीटरच्या आसपास. मोठ्या पिकअपची लांबी पाच मीटरच्या घरात असते म्हणून वाटतं पुरेल. पण वायर सरळ रेषेत जात नाही. पुढच्या काचेवरून वर, छताच्या कडेनं, दाराच्या खांबावरून खाली, फरशीखाली, चॅसिसच्या कडेनं मागं आणि पुन्हा हौद्याच्या खांबावर वर. सुतळी घ्या आणि हाच रस्ता सुतळीनं मोजा. आठ ते दहा मीटर सहज भरतात.

कमी पडलं तर मध्ये जोड देऊन वाढवू नका, विशेषतः गाडीच्या खाली. प्रत्येक जोड म्हणजे पाणी शिरायची एक जागा. शिवाय काही कॅमेऱ्यांची केबल यूएसबीसारखी असते, ती फार लांबवली तर चित्र फाटतं. त्याच कंपनीची एकसंध लांब केबल मागवा. घेण्याआधी पिना बघा, कारण एकसारखे दिसणारे प्लग आतून वेगळे असतात.

केबल आली की लगेच गाडीत ओढू नका. कॅमेरा, केबल आणि पुढचं युनिट अंगणात मांडून जोडा आणि चित्र येतंय का बघा. हे दहा मिनिटांचं काम न केल्यानं लोक आख्खी वायर परत ओढून काढतात.

रस्ता: मागून पुढं

वायर नेहमी मागून पुढं ओढावी. बऱ्याच केबलचं कॅमेऱ्याकडचं टोक चुड्यांच्या कनेक्टरमुळं जाड असतं आणि युनिटकडचं टोक हेडफोनच्या पिनेसारखं बारीक. बारीक टोक केबिनच्या छोट्या भोकातून आत घेता येतं. दुसरा फायदा म्हणजे उरलेली वायर केबिनमध्ये गुंडाळून ठेवता येते. उरलेल्या वायरचा गुंडाळा हौद्याखाली बांधून ठेवला तर पहिल्या पावसात त्यात चिखलाचा गोळा होतो.

हौद्याखाली वायर चॅसिसच्या आतल्या बाजूनं न्या, जिथून कंपनीची मागच्या दिव्यांची वायरिंग आधीच गेलेली असते. कंपनीनं तो रस्ता विचार करूनच निवडलेला असतो, आपण त्याची नक्कल करायची. वायरवर काळा कोरुगेटेड पाईप चढवा, साधारण प्रत्येक वीतभर अंतरावर केबल टाय मारा.

काय टाळायचं ते इथं जास्त महत्त्वाचं. सायलेन्सरची बाजू सोडून दुसरी बाजू धरा, तिथली उष्णता प्लॅस्टिक वितळवते. प्रॉपेलर शाफ्टच्या आसपास लोंबणारी वायर तो फिरताना गुंडाळून घेतो. ब्रेकच्या आणि डिझेलच्या पाईपला वायर बांधायची नाही, घासून पाईपच खराब झाला तर कॅमेऱ्याचं सोडा, गाडी थांबायची नाही. पाटे आणि मागचं हाऊसिंग प्रत्येक खड्ड्यात वर-खाली होतं, तिथंही बांधायचं नाही. आणि स्टेपनी काढता-घालताना वायर चिमटणार नाही हे स्टेपनी काढून बघायचं.

आता ती फट. हौद्याच्या बाजूला एक टाय, केबिनच्या बाजूला एक टाय आणि मध्ये वीतभर सैल वायर, खाली लोंबणाऱ्या पाळण्यासारखी. घट्ट नाही आणि इतकी सैलही नाही की कुठं घासेल. पाळण्याचा आकार खाली झुकलेला असला की पाऊसपाणी वायरवरून ओघळत त्या सगळ्यात खालच्या जागी येऊन टपकतं, केबिनच्या भोकाकडं चढत नाही. ज्या छोट्या ट्रकची केबिन दुरुस्तीसाठी पुढं झुकते, त्यांनी केबिन पूर्ण झुकवून मोजून सैल सोडायची. नाहीतर पहिल्याच सर्व्हिसिंगला वायर उपटली जाते.

केबिनमध्ये शिरायला नवीन भोक पाडायची घाई करू नका. फरशीला किंवा मागच्या पत्र्याला आधीच रबरी ग्रोमेट लावलेली भोकं असतात. ग्रोमेटला बारीक छेद देऊन त्यातून वायर आत घ्यायची. दुचाकीची जुनी क्लचवायर ओढायला कामी येते, तिच्या टोकाला प्लग टेपनं बांधायचा आणि हळूहळू खेचायचा. नवीन भोक पाडावंच लागलं तर कडा कानसीनं घासा, रंग लावा आणि ग्रोमेट बसवा. उघड्या पत्र्याची कडा आणि रोजचा कंप एकत्र आले की वायरचं आवरण महिन्या-दोन महिन्यांत कापलं जातं.

आत आल्यावर बाकीचं सोपं. दाराच्या रबरी बीडिंगखालून, खांबाच्या प्लॅस्टिकमागून, छताच्या कडेनं पुढं. गाडीच्या खांबावर एअरबॅग लिहिलेलं असेल तर वायर एअरबॅगच्या पुढून घ्यायची नाही, आणि खात्री नसेल तर तो खांब उघडायचाच नाही.

ती लाल वायर नेमकी कशाची?

मागच्या कॅमेऱ्याच्या टोकाजवळ बऱ्याचदा एक सुटी लाल वायर असते. निम्मा गोंधळ तिथं होतो. लोकांना वाटतं ही कॅमेऱ्याची वीज. बहुतेक संचांमध्ये मागच्या कॅमेऱ्याला वीज पुढच्या युनिटकडून त्याच केबलमधून मिळते. लाल वायर फक्त इशाऱ्याची असते. रिव्हर्स गिअर पडला की रिव्हर्स दिव्याचे १२ व्होल्ट तिला मिळतात आणि स्क्रीन मागचं चित्र मोठं करून दाखवते. रेकॉर्डिंग तिच्याशिवायही चालतं. रिव्हर्सची सोय नको असेल तर तिच्या टोकाला टेप मारून सोडून द्या.

जोडायची असेल तर रिव्हर्सच्याच दिव्याला जोडा. मामाच्या गाडीत ती टेललॅम्पला जोडली होती, त्यामुळं अंधार पडून दिवे लावले की स्क्रीनवर कायम मागचंच चित्र.

आणि इथं एक फ्यूज हवाच. रिव्हर्स दिव्याच्या लाइनला कंपनीचा १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. आपली लाल वायर त्या मानानं फारच बारीक. ती कुठं घासून पत्र्याला चिकटली, तर मोठा फ्यूज उडायच्या आधी बारीक वायर तापून वितळू शकते, आणि शेजारी ताडपत्री नाहीतर बारदान असतं. म्हणून जिथून वीज घेतली तिथंच, जोडाला लागून, एक अँपिअरचा छोटा फ्यूज टाका. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो, कॅमेऱ्याला नाही. त्यामुळं तो कॅमेऱ्याजवळ लावून उपयोग नाही.

जोड पिळून वर टेप, ही पद्धत गाडीखाली चालत नाही. उन्हानं टेपचा गोंद सुटतो, मग पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं. डाग मारा किंवा क्रिम्प करा, आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह.

पुढची वीज आणि सकाळी न लागणारी गाडी

पुढच्या युनिटला लायटर सॉकेटमधून वीज दिली तरी चालतं. इग्निशन बंद केल्यावर सॉकेट बंद होत असेल, तर कॅमेराही बंद होतो. मार्केटमध्ये रात्रभर गाडी उभी असताना रेकॉर्डिंग हवं असेल तर हार्डवायर किट लागतं. त्यात साधारण तीन वायर असतात. एक कायम वीज असलेल्या फ्यूजला, एक चावी फिरवल्यावर वीज येणाऱ्या फ्यूजला आणि एक अर्थला. कोणता रंग कशाचा ते त्या किटच्या कागदावर बघा. मल्टिमीटरनं फ्यूज तपासा, फ्यूज टॅप वापरा, त्यात दोन-तीन अँपिअरचा फ्यूज टाका. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचे फ्यूज सोडून द्या. अर्थची वायर रंग खरवडलेल्या पत्र्यावर, बोल्टखाली थिंबल लावून घट्ट करा. आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, हे सांगायलाच नको, तरी सांगतोय.

दोन कॅमेरे मिळून १२ व्होल्टला अर्धा अँपिअर घेतात असं धरा. दहा तासांत पाच अँपिअर-अवर गेले. ६५ अँपिअर-अवरच्या नव्या बॅटरीला हे काहीच नाही. पण बॅटरी जुनी असेल आणि थंडीत पहाटे चार वाजता डिझेल इंजिन फिरवायचं असेल, तर तेवढंही जड जातं. किटवर व्होल्टेज कटऑफचं बटण असतं. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते. मी कटऑफ १२.२ वर ठेवीन, थोडं रेकॉर्डिंग कमी झालं तरी चालेल. आणि मोठे ट्रक २४ व्होल्टचे असतात, तिथं १२ व्होल्टचं किट लावायचं नाही.

चित्र आलं, आता पुरावा होईल का?

पहिली तपासणी आकड्यांची. बरेच मागचे कॅमेरे रिव्हर्स पार्किंगसाठी आरशासारखं उलटं चित्र देतात. रेकॉर्डिंगमध्ये नंबरप्लेट उलटी दिसत असेल तर सेटिंगमध्ये बदला. काही कॅमेऱ्यांत त्यासाठी एक छोटी लूप वायर कापावी लागते, कोणती ते मॅन्युअलमध्ये बघूनच कापा. दुसरी तपासणी रात्री करा. मागच्या गाडीचा हेडलाइट थेट लेन्सवर आला तर प्लेट पांढरीफटक दिसते, कॅमेरा किंचित खाली झुकवल्यावर बराच फरक पडतो.

तारीख-वेळ बरोबर लावा. मेमरी कार्ड सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, हाय एंड्युरन्स लिहिलेलं घ्या. दोन्ही कॅमेरे मिळून सेकंदाला २० मेगाबिट लिहीत असतील तर तासाला ९ जीबी होतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड साधारण सात तासांत भरतं आणि जुनं पुसायला लागतं. काही घडलं तर घरी पोचायची वाट बघू नका, व्हिडिओ लॉक करा किंवा कार्ड काढून खिशात टाका.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही असते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा समजा, फाइल किंचित बदलली तरी ठसा बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ दाबून छोटा झालेला असतो, ती मूळ फाइल राहत नाही. वकिलाकडं मूळ कार्ड घेऊन जा.

राहिला पाण्याचा विषय. कॅमेऱ्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त होतात. त्यातल्या ६ चा अर्थ धूळ आत जात नाही आणि ७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतो. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या फवाऱ्याची हमी त्यात येत नाही, त्याचा आकडा वेगळा असतो. मामा आता गाडी धुवायला लावली की स्वतः मागं उभा राहतो आणि पोराला सांगतो, "इथं पाईप लांबून धर." मग गाडीखाली वाकून फटीतला तो वीतभर पाळणा हातानं हलवून बघतो.